सात नंबर सोडलंय

नाशिक रोड,
शुक्रवार, दुपार

प्रिय सिदू,

आई कशी आहे? तिचे गुडघे तिकडे तरी वाकतात का, की अजून भिंतीला धरूनच उठते? दादांचा खोकला थांबला का? छापखान्यातल्या शाईचा वास त्यांच्या सदऱ्यातून गेला का एकदाचा? तुझे दाजी काय म्हणतात? तंबाखूला चुना जास्त लावून अजून जीभ पोळून घेतात, की तिथे मिळतच नाही? मिळत नसेल तर बरंच झालं, माझ्याकडून सांग त्यांना. आणि तू? तुझ्या छातीत आता दुखतं का रे?

ठाऊक आहे मला, आपल्यात आत्मा-बित्मा मानत नाहीत. विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं तेव्हा भंतेजींनी नीट समजावून सांगितलं आणि मी सगळ्यांसारखी मान डोलावली. पण पत्र लिहायचं म्हटलं की आधी एकेकाची खुशाली विचारायची, असं चौथीतल्या बाईंनी मला शिकवलंय. चौथीच्या पुढे मला कोणी काही शिकवलं नाही. तेव्हा चालवून घे.

इकडे सगळे बरे. प्रकाशची शुगर वर-खाली होते, पण गोड सुटत नाही. सूनबाईची पाठ धरते तेवढंच. माझे मोतीबिंदू काढले, उजवा दिवाळीत आणि डावा संक्रांतीनंतर. मला डोळे आले! साथीचे नव्हे, खरे. म्हणून तर तुझ्या वह्या वाचायला घेतल्या. तू गेल्यावर तुझ्या घरातून ती पत्र्याची पेटी आणली, ती वर्षभर माझ्या कॉटखाली होती. वाचल्या, आणि आता वाटतं, मोतीबिंदू होते तेच बरे होते.

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. रविवारी स्नेहल येते आहे. तुझी जुनी विद्यार्थिनी, तुझ्या समुद्राकडच्या कॉलेजात शिकवते ती. तुझ्या वह्यांचं पुस्तक करायचं म्हणते. काल फोनवर किती आनंदात होती! म्हणाली, "आक्का, सरांचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे सात नंबरचं डबकं. उन्हाने गोगलगायी मेल्या आणि त्या डबक्याचं रूपच पालटलं. महिन्यामागून महिना टिपलंय त्यांनी. पुस्तकातला पहिला धडा तोच घेणार आहे मी."

मी "हो का बाई" म्हटलं आणि फोन ठेवला. मग पेटीतून ती वही काढली. ते पान वाचलं आणि तिथेच स्टुलावर बसले. सूनबाई धावत आली. "काय झालं आई, चक्कर आली का?"

चक्कर नाही गं. लाज आली.

उन्हाने नाही मेल्या रे त्या गोगलगायी. मी मारल्या. आणि तुला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं!

बारा वर्षं झाली. मी पहिल्यांदा तुझ्याकडे समुद्रावर आले होते. नाशिकहून एक एसटी, मग दुसरी, मग रिक्षा. हातात कांद्याची पिशवी, जशी काही तिकडे कांदे मिळतच नाहीत. दुसऱ्याच दिवशी ओहोटीला तू मला खडकांवर नेलंस. हायस्कूलचा मास्तर, पन्नाशीचा बाप्या, आणि अंगात हाफचड्डी! पाणी असं मागे सरलं होतं की कोणी अंगावरची गोधडी ओढून घ्यावी आणि खाली झोपलेली पोरं दिसावीत. खडकाखडकात डबकी. प्रत्येकाशेजारी तू पांढऱ्या रंगाने आकडा टाकलेला.

"आक्का, ही बघ. ओळखतेस?"

"अगं बाई! गोगलगाय! या मेलीला इथे पण जागा मिळाली का?"

तू किती हसलास. म्हणालास, "हिच्या नावात गाय आहे, ती उगीच नाही. ही चरते. हिच्या जिभेवर दात असतात, किसणीला असतात तसे. खडकावर उगवलेलं कोवळं शेवाळ खरवडत जाते."

"मग तुझं शेवाळ राहायचं कसं?"

"तेच तर बघतोय इतकी वर्षं."

मग तू मला सगळं फिरवून दाखवलंस. अगदी वरची डबकी, जिथे फक्त अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी पोचतं. उन्हात ती चहासारखी तापतात, पावसात गोडी होतात. तिथे केसासारखं बारीक हिरवं काहीतरी, बाकी फारसं काही नाही. अगदी खालची डबकी, जिथे लाट कधी थांबतच नाही. तिथे तपकिरी झुडपंच्या झुडपं लोळत होती. आणि मधली, गोगलगायींनी आणि त्या टोपीसारख्या शिंपल्यांनी भरलेली. तिथला खडक उघडाबोडका, वर नुसता एक गुलाबी थर. मला वाटलं, भिंतीला ओल येऊन चुना बिघडलाय.

आणि तेव्हा तू ते वाक्य बोललास. बोट दाखवून बोललास. "चार नंबरमधल्या मी वेचून काढल्यात. सात नंबर सोडलंय."

सिदू, तू कुठल्या घरात जन्मलास ते विसरलास का रे? तुझी बहीण विंचूरच्या शिवारात दिली होती. चाळीस वर्षं तिच्या हातातलं खुरपं सुटलं नाही. आमच्यात बाई संध्याकाळी मालकिणीला सांगते, "चार वाफे झाले, दोन सोडलेत." त्याचा अर्थ काय? उरलेत. वेळ पुरला नाही. उद्या करायचेत!

तुझ्या भाषेत "सोडलंय" म्हणजे मुद्दाम हात लावला नाही, चार नंबरशी ताडून बघायला जसंच्या तसं राखलंय. हे मला काल कळलं. वही वाचून कळलं. बारा वर्षांनी!

त्या दिवशी मला एवढंच कळलं की माझ्या भावाचं काम उरलंय. बिचारा एकटा, ना बायको ना पोर, शाळा सांभाळून किती करील?

तू दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर तपासायला शाळेत गेलास आणि मी तुझी निळी बादली उचलली.

कांद्याचं रोप टाकलं की पावसाळ्यात गोगलगायी पडतात, हे तुला सांगायला नको. एका रात्रीत वाफेच्या वाफे साफ. आम्ही बाया उजाडायच्या आत पाठीवर पोतं घेऊन वेचायला जायचो. माझा हात सगळ्यात चपळ. सासू म्हणायची, "सुमन येचाया लागली का गोगलगाय सवताहून बादलीत उडी टाकती." तो चपळ हात घेऊन मी तुझ्या सात नंबरवर बसले. त्यात सगळ्यात जास्त होत्या ना! टोपीवाल्या बोटाने निघेनात, खडकाला मिठी मारून बसलेल्या. मग कमरेची सुरी काढली आणि टोक घालून एकेक उचकटली.

घरी आम्ही त्यांना मिठाच्या पाण्यात टाकतो. इथे तर त्या जन्मल्याच मिठात! त्यांना मीठ लावून काय होणार? म्हणून बादली वर नेली, कोरड्या कातळावर, आणि पसरून ठेवल्या. पापड वाळत घालावेत तशा, एकावर एक येणार नाहीत अशा बेताने. चैत्राचं ऊन होतं.

तू दुपारी आलास. माठातलं पाणी घेतलंस. "काय केलंस आज आक्का?"

"तुझं उरलेलं काम! सात नंबर लख्ख करून टाकलं."

पेला तुझ्या तोंडाशी होता. तू ते पाणी संपेपर्यंत प्यालास, हळूहळू. मग म्हणालास, "सगळं?"

"एक सोडली नाही!"

"बरं," तू म्हणालास. "दमली असशील. मी चहा टाकतो."

त्या चहात साखर दोनदा पडली होती. मी म्हटलं, "अरे, हा चहा आहे का पाक?" तू म्हणालास, "हो का? काही नाही, चुकून पडली." मग "फिरून येतो" म्हणून गेलास, तो दिवेलागणीला परत आलास. चड्डी कमरेपर्यंत भिजलेली, बोटं खरचटलेली. मी विचारलं, तर पुन्हा तेच. "काही नाही गं, पाय घसरला."

तू त्या परत पाण्यात ठेवायला गेला होतास ना? एकेक उचलून? त्यातली एक तरी हलली का रे? सांग मला!

तेव्हाच का नाही ओरडलास? मी तुला कडेवर वागवलंय. तू शाळेत जावंस म्हणून माझी शाळा चौथीत थांबली. तू कंदिलाच्या एका बाजूला बसून वाचायचास आणि मी दुसऱ्या बाजूला भाकऱ्या थापायची. समोरून बघून बघून मला तुझी वरच्या वर्गांची पुस्तकंही वाचता यायला लागली, म्हणून तर अजून मी उलटं धरलेलं पुस्तक सुलट्यापेक्षा भरभर वाचते. अशा बहिणीवर तुझा एवढाही हक्क नव्हता का, की "आक्का, माझ्या कामाचं वाटोळं केलंस" म्हणून एकदा खच्चून ओरडावंस? मी रडले असते. दोन दिवस जेवले नसते. मग तिसऱ्या दिवशी तूच काहीतरी वात्रट बोलला असतास आणि संपलं असतं. तीन दिवसांचं काम होतं!

तू "काही नाही" म्हणालास. मग ते बारा वर्षं चाललं.

दोन वर्षांनी मी पुन्हा आले. या खेपेला स्नेहल कॉलेजच्या मुली घेऊन आली होती आणि तुम्ही सगळे खडकांवर निघाला होतात. मीही पायात चप्पल सरकवली.

"आक्का, तू थांब. निसरडं आहे."

"अरे, मी विहिरीच्या पायऱ्या घागर घेऊन चढलेली बाई. मला काय निसरड्याचं सांगतोस?"

"नको म्हटलं ना. आणि तुला नाही कळायचं ते."

मुलींसमोर. मला. तू!

मी चप्पल काढली. तांदूळ निवडत बसले. आठ दिवसांसाठी आले होते, दुसऱ्याच दिवशी कांदा काढायला आलाय असं सांगून निघाले. कांदा महिन्यापूर्वीच काढून चाळीत भरला होता, ते तुलाही माहीत असणार. पण तू एसटीपर्यंत सोडायला आलास आणि "काही लागलं तर कळव" म्हणालास. लागलं होतं रे! चांगलंच लागलं होतं.

त्यानंतर तू गेलास त्या दिवसापर्यंत मी पाऊल टाकलं नाही तिकडे. विचारणाऱ्याला सांगायची, "भाऊ मोठा माणूस झाला, अडाणी बहीण त्याला चारचौघांत दाखवायला लाज वाटते." दहा वर्षं ही पोळी मी भाजून भाजून खाल्ली. राखी पोस्टाने पाठवली. फोनवर हवापाण्याचं बोलले. आणि काल कळतं काय, की तुला माझी लाजबीज काही वाटत नव्हती. तू तुझी डबकी माझ्या हातांपासून वाचवत होतास, एवढंच! आणि हे माझ्या तोंडावर सांगितलं तर मला वाईट वाटेल म्हणून तू मला त्याहून वाईट काहीतरी सांगितलंस. याला काय म्हणायचं, सांग? डोळ्यात कुसळ जाऊ नये म्हणून मुसळ घालायचं?

लोक म्हणतात, गोगलगाय नि पोटात पाय. म्हणजे वरून गरीब आणि आतून डाव. तुझे पोटातले पाय वेगळेच निघाले. वरून कडू बोललास आणि आत सगळी माया लपवलीस. अशा मायेचं मी काय लोणचं घालू?

आता सगळ्यात कडू गोष्ट. ती लिहिल्याशिवाय हे पत्र मला पुरं करता येणार नाही.

त्या शेवटच्या थंडीत तुझा फोन आला होता. "आक्का, ये ना चार दिवस. खूप दिवसांत आली नाहीस."

मी काय म्हटलं आठवतं? मला आठवतं. शब्दन् शब्द. "मी येऊन काय करू? मला काय कळतंय तिथलं?"

तू म्हणालास, "काही नाही, सहज म्हटलं. थोडी सर्दी आहे, म्हणून."

सर्दी! डॉक्टरांनी तुला केव्हाच सांगितलं होतं, हे मला तुझ्या प्रेताशेजारी बसून स्नेहलकडून कळलं. "सरांना चढ चढवत नव्हता, आक्का. खडकांवर जायचे, पण दर दहा पावलांना बसायचे." तू बसत बसत डबकी बघायला जात होतास, आणि इथे मी फोन ठेवून सूनबाईला म्हणत होते, "बरं झालं, एकदा तरी त्याला झोंबलं."

तू खोटं बोललास आणि मी रुसले. दोघांनी मिळून केलं हे. पण तू सुटलास, मी मागे राहिले. याचा मला राग आहे.

आता त्या पानाविषयी बोलू. तुझी वही माझ्या मांडीवर आहे. तुझं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं. त्या दिवशीच्या तारखेखाली लिहिलंयस: "सात. गोगलगायी एकाएकी नाहीशा. कारण अज्ञात. बहुधा ऊन."

इतक्या वह्यांत तू दुसऱ्या कुठे "बहुधा" लिहिलेलं मला सापडलं नाही. जिथे माहीत नाही तिथे "माहीत नाही" लिहितोस. इथेच तेवढी जीभ चाचरली. आणि "ऊन" अगदीच खोटं नाही, नाही का? मेल्या त्या उन्हानेच. फक्त त्या उन्हात कोणी ठेवल्या, तेवढं मास्तरांनी गाळलं.

पुढची पानं वाचताना मला तू शेजारी बसल्यासारखा वाटलास. पंधरा दिवसांनी खडकावर बुळबुळीत पातळ साय. महिन्याने हिरवं, कोबीच्या आतल्या पानासारखं पातळ. दोन महिन्यांनी तळ दिसत नाही. मग एक ओळ: "गुलाबी थर पांढरा पडतोय." तो गुलाबी थर जिवंत होता! आणि ज्या गोगलगायी मला नासधूस करणाऱ्या वाटल्या, त्याच त्याच्यावरची साय चाटून त्याला उघडा ठेवत होत्या. त्या गेल्या आणि तो हिरव्या चादरीखाली गुदमरला. मी ज्यांना चोर म्हणून पकडलं ते राखणदार निघाले.

आणि वरचं अकरा नंबर! तिथे तू काढल्यास तरी फारसं काही बदललं नाही. शेजारी लिहिलंयस, "इथे ऊनच चरतं." खालच्या दोन नंबरला लिहिलंयस, "इथे लाट गोगलगायीला टिकू देत नाही, म्हणून झुडपं." म्हणजे नुसता चरणारा बघून भागत नाही, जागा पण बघावी लागते. कुठे तोंडाचं राज्य, कुठे उन्हाचं, कुठे पाण्याचं.

सिदू, हे मला कळलं नसतं? मला?

आपल्या गावच्या गायरानात चराईबंदी केली होती ते तुला आठवत नसेल, तू बोर्डिंगात होतास. सगळे खूश, की आता गवत माजेल. माजलंच! पहिल्या वर्षी कमरेएवढं. मग कुसळी आली, नुसती कुसळी, ढोरं तोंड लावीनात आणि लुगड्याला टोचायची. आणि खालची मऊ हरळी, जी गाई रोज कुरतडायच्या म्हणूनच बसकी आणि दाट राहायची, ती त्या सावलीत पिवळी पडून गेली. तेव्हा आपल्या आईने म्हटलं होतं, "गाय खाती म्हून हरळी हाय. गाय गेली, हरळी बी गेली." पण वरच्या मुरमाड टेपाडावर बंदी असो नसो, काही फरक पडला नाही. तिथे आधीही खडे, नंतरही खडे. तिथे ऊनच चरायचं!

तू त्या डबक्याशेजारी एकदा मला बसवलं असतंस आणि विचारलं असतंस, तर ही गोष्ट मी तुला सांगितली असती. तू वहीत लिहून घेतली असतीस. "तुला नाही कळायचं" म्हणे! आपल्या आईला कळलं होतं, तिला तर अंगठ्याशिवाय सही येत नव्हती.

काल प्रकाशशी बोलले. म्हटलं, रविवारी मी स्नेहलला खरं सांगणार.

"आई, कशाला उकरून काढतेस? मामांनी स्वतः ऊन लिहिलंय ना? मग ऊन. फायनल."

"अरे, पण खोटं आहे ते."

"कोणाला कळणार आहे? तू सांगितलंस तर तो धडाच जाईल. मामांचं एवढं एक नाव होणार, ते पण तू घालवणार? आधी गोगलगायी घालवल्या, आता मामांचं नाव!"

गंमतीत म्हणाला, पण काळजात घुसलं. जेवताना मी भाजी वाढून न घेताच उठले. खरंच का रे? तुझी आयुष्याची कमाई मी दुसऱ्यांदा कातळावर वाळत घालणार का?

सकाळपासून तेवढाच विचार करत होते. पालक निवडता निवडता एकदम उजेड पडला. आठ नंबर! ते सातच्या अगदी शेजारी आहे, त्याच उंचीवर, तितकंच उथळ. त्या महिन्यातली आठ नंबरची ओळ काढून बघितली. "गोगलगायी भरपूर." मग ऊन काय फक्त सात नंबरवर पडलं? उद्या पुस्तक छापल्यावर कुणीतरी हुशार पोरगी हेच विचारील, आणि म्हणेल की हे मास्तर वेंधळे होते, शेजारचं डबकंसुद्धा बघितलं नाही यांनी.

तू वेंधळा नव्हतास. तू मऊ होतास. तुला वेंधळा म्हणू देणार नाही मी कुणाला, मग माझं काही का होईना. आणि धडा का जावा? गोगलगायी काढल्यावर काय झालं, ते तू डोळ्यांनी बघून लिहिलंयस. साय खरी, हिरवं खरं, पांढरा पडलेला गुलाबी खरा. तीन वर्षांनी आलेली ती ओळ तर सगळ्यात खरी: "सात: एक गोगलगाय. नखाएवढी." शेजारी तिचं चित्रसुद्धा काढलंयस, शेपटीसकट. वहीभर तेवढं एकच चित्र. किती आनंद झाला असेल तुला! तो तरी फोन करून सांगायचास ना. पण कसा सांगशील? सांगितलं असतं तर आधीचंही सांगावं लागलं असतं.

खोटा आहे तो एक शब्द. "अज्ञात."

तो मी खोडलेला नाही. तुझ्या अक्षरावर रेघ मारायला माझा हात धजत नाही. पण त्याच्या खाली, निळ्या पेनने, माझ्या चौथीच्या अक्षरात आत्ताच लिहून आले. हे बघ: "कारण ज्ञात. सरांची मोठी बहीण सुमन हिने सात नंबरमधल्या सगळ्या गोगलगायी उन्हात नेऊन टाकल्या. 'सोडलंय' म्हणजे उरलंय असं तिला वाटलं. सरांना माहीत होतं." आणि खाली सही. अंगठा नाही, सही.

रविवारी स्नेहल आली की आधी हेच पान तिच्यापुढे उघडीन. तिच्या तोंडाकडे बघत. ती चिडली तर चिडू दे. कोणीतरी चिडायलाच पाहिजे होतं त्या दिवशी, ते राहून गेलंय. माझ्या भाषेत तेही "सोडलंय", म्हणजे उरलंय, अजून व्हायचंय!

आणि तुला वचन देते. तिच्याबरोबर मी तिकडे जाईन. ओहोटीला सात नंबरपाशी बसेन, दोन्ही हात पदरात बांधून. चार गोगलगायी दिसोत की चारशे, एकीलाही बोट लावणार नाही. पाणी परत येईपर्यंत बघत राहीन. जेवढं कळेल तेवढं कळेल.

आता पुरे. आईला सांग, तिची हरळी पुस्तकात घालायला लावते.

उत्तर लवकर लिही. रागाने लिही, चार शिव्या घाल, चालेल. पण "काही नाही" एवढंच लिहून पाठवलंस, तर पत्र घेणार नाही, पोस्टमनच्या हाती तसंच परत करीन.

तुझी,
आक्का